नाण्यावरच्या तिघी लुगड्यात

अगं ऐक ना. फक्त ऐक. हसायचं नंतर, आणि "असं कुठे होतं का" हे तर विचारायचंच नाही, कारण हे झालंय, मस्कतला झालंय, नव्व्याण्णव साली, आणि झालंय आपल्या वसईतल्या निर्मळच्या मॅक्सवेलच्या बाबतीत.

मॅक्सवेल म्हणजे तो गं, बौशरच्या मोठ्या हॉटेलात पेस्ट्री किचनला होता तो. उंच, जरा वाकून चालणारा, भुवयांवर कायम पिठीसाखर. हात असा की साखरेची चिमणी केली तर मांजर मागे लागेल. पण तोंड! आपल्या माणसांत असला की घडाघडा बोलेल, आणि समोर कुणी मॅडम आली की जीभ टाळ्याला चिकटली. मॅडम गेली की सुटायची.

तर त्याचं लग्न होऊन अकरा महिने झाले होते. बायको उर्सुला, भुईगावची. अकरा महिन्यांत दोघं एकत्र राहिली किती, सांग. एकोणीस दिवस! सुट्टी संपली, हा परत मस्कतला, ती तिकडे सासूबरोबर. दर शुक्रवारी फोनकार्ड घालून बोलायचं, आणि "आणखी काय" म्हणेपर्यंत कार्ड खलास. हॉटेलचा नियम असा, की फॅमिली स्टेटस मिळाल्याशिवाय बायकोला आणता येत नाही. मॅक्सवेलची फाईल आठ महिने एकाच टेबलावर पडून होती. ॲनेट मॅडमच्या.

ॲनेट मॅडम पर्सोनेल मॅनेजर. मूळची वांद्र्याची, पंचेचाळिशीची, एकटी, इस्त्री केल्यासारखी. पूर्ण हॉटेल तिला घाबरायचं. सुट्टी मागायला गेलेला माणूस सुट्टी न मागता, उलट सॉरी बोलून बाहेर यायचा. ती हसताना कुणी बघितलीच नव्हती. शरीफ म्हणायचा, "ती बाय पासपोर्टच्या फोटोला पण अशीच बसली असेल, आणि फोटोवाला सॉरी बोलला असेल." शरीफ म्हणजे दापोलीकडचा, हॉटेलच्या स्टोअरला होता, मॅक्सवेलचा रूममेट. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर सल्ला तयार. मागितला नाही तर दोन.

आता मुद्द्यावर येते. एका रविवारी बँक्वेटचा राजीव धावत पेस्ट्रीत आला, हातात फॅक्सचा कागद.

"मॅक्सी, बुधवारी चहाला जुनी नाणी जमवणाऱ्यांचा प्रोग्राम आहे. चीफ गेस्ट कोणीतरी डॉक्टर एलेनी, ग्रीक बाई, नाण्यांची मोठी एक्स्पर्ट. तिच्याकडे एक नाणं आहे, अठराशे वर्षांपूर्वीचं. तस्सं चॉकलेटमध्ये पाहिजे. थाळीएवढं. आणि सोबत एक सोनेरी सफरचंद, मार्झिपानचं."

"सफरचंद कशाला?"

"मला काय माहीत? फॅक्समध्ये लिहिलंय, सफरचंद पाहिजे. यल्ला, लाग कामाला."

मॅक्सवेलने फॅक्स बघितला. अगं, तो जुना फॅक्स तुला आठवतो ना, तो गुळगुळीत कागद, सारखा गुंडाळी होणारा? त्यावर नाण्याचा फोटो आला तर काय येणार? काळा गोळा. भाकरी करपली की कशी दिसते, तशी. मॅक्सवेलने तो कागद लाईटला धरला, तिरका केला, डोळे बारीक केले, तेव्हा कुठे दिसलं. एका बाजूला दगडावर बसलेला एक टोपीवाला माणूस. आणि त्याच्यासमोर तीन बायका. एक बसलेली, एकीच्या डोक्यावर काहीतरी उंच, आणि तिसरी...

तिसरी बघून मॅक्सवेलने कागद उलटा ठेवला.

"राजीव, ह्या बाईच्या अंगावर काय नाय रे."

राजीव वाकून बघायला लागला. "नाही कसं? प्रिंट आलं नसेल."

"प्रिंट आलंय. कपडे नाय आले."

राजीवचा चेहरा पडला. हॉल भरलेला असणार, अर्बाब, म्हणजे हॉटेलचा मालक, येणार, मोठमोठे लोक बायकापोरांना घेऊन येणार. "हे बघ, सगळं डिसेंट पाहिजे. नीट कपडे घाल तिला. मला प्रॉब्लेम नकोय." आणि गेला.

आता तू मला सांग, निर्मळच्या माणसाला बाईला नीट कपडे घाल म्हटलं तर तो काय घालेल? लुगडंच घालणार ना! मॅक्सवेलने लहानपणापासून जुन्या बायका चर्चला मिस्साला जाताना बघितल्या होत्या, कडक लुगडं, घट्ट अंबाडा, अंबाड्यात फुलं. डिसेंट म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर तेच. त्याने मार्झिपानची, म्हणजे बदाम-साखरेच्या पिठाची, वीतभर बाई केली, टूथपिकने लुगड्याची एकेक निरी काढली. दुसऱ्या बाईच्या डोक्यावरचं ते उंच काहीतरी होतं ना, ते त्याला अंबाडाच वाटलं. म्हणून अंबाडा घातला, वर अबोलीचा गजरा. मग त्या बाईवर जिलेटिन ओतून साचा काढला. आणि दोनच दिवस हातात, तर तीन बायकांना तीन साचे कोण करत बसणार? एकाच साच्यातून तिघी ओतल्या. एक इकडे, एक मध्ये, एक तिकडे. टोपीवाल्याला आपल्या म्हाताऱ्यांसारखी गोल टोपी दिली. कडेने बारीक ठिपके, आणि ठिपक्यांच्या आत ती अक्षरं, फॅक्सवर जशी दिसली तशी, एकही न सोडता.

शरीफ साखर द्यायला आला तेव्हा बघतच राहिला. "अरे, ह्या तिघी जुळ्या आहेत काय?"

"तिघी असल्यावर तिळ्या."

"अशा तर आमच्या खाडीपल्याडच्या बाजारात पण दिसतात. ग्रीक कुठे वाटतात?"

"डिसेंट वाटतात ना? मग झालं."

बुधवार आला. दुपारचे चार. हॉल फुल. काचेच्या पेटीत मखमलीवर ती खरी नाणी, एकेक इतकी छोटी की लोक भिंग घेऊन वाकलेले. स्टेजवर तीन बायका. मध्ये डॉक्टर एलेनी, सत्तरीची, बॉबकट, गळ्यात दोन चष्मे. उजवीकडे मिसेस केलर, आपल्या जनरल मॅनेजरची बायको. गोरी, मोत्यांचा सर. नवरा हॉटेल चालवायचा आणि नवऱ्याला ती. आणि डावीकडे ॲनेट मॅडम, कारण बुके कोणी द्यायचा तर तिने. मॅक्सवेल आणि शरीफ किचनच्या दारामागे उभे, दाराच्या गोल काचेतून बघतायत.

राजीवने नाण्यावरचं कापड ओढलं. टाळ्या! टाळ्या तर अशा की मॅक्सवेलच्या कानांच्या पाळ्या लाल.

डॉक्टर एलेनी उठली. एक चष्मा लावला. तो काढला, दुसरा लावला. मग वाकली. मग तिचे खांदे हलायला लागले. मॅक्सवेलला वाटलं बाई रडतेय. अगं, हसत होती! टेबलाला धरून हसत होती. मग माइक घेतला, आणि इंग्लिशमध्ये बोलली, मी तुला आपल्या भाषेत सांगते.

म्हणाली, "चाळीस वर्षं मी ही नाणी बघतेय. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं हे नाणं, पुढे रोमच्या बादशहाचं तोंड, मागे आमच्या ग्रीसची गोष्ट. राज्य रोमचं, पण गावोगावच्या लोकांनी नाण्यावर आपल्या आवडीच्या गोष्टी घातल्या. आणि आज पहिल्यांदाच बघतेय की ह्यावर फॅक्सचा पान नंबर पण आहे. पी, शून्य, दोन."

हॉल फुटला हसून. राजीवने डोळे मिटले. मॅक्सवेलने दाराला कपाळ टेकलं.

"पण खरी गंमत ती नाही," बाई म्हणाली. "गोष्ट ऐका."

आणि गोष्ट सांगितली. एका देवतेच्या लग्नात सगळ्या देवांना आमंत्रण गेलं, एकीला गेलं नाही. भांडणाची देवी. आता लग्नात कुणाला आमंत्रण राहिलं तर काय होतं, हे वसईकराला कुणी शिकवायला नको! ती आलीच, आणि मांडवात एक सोनेरी सफरचंद टाकून गेली. त्यावर लिहिलेलं, सगळ्यात सुंदर असेल तिला. झालं. तीन देवी उठल्या. हेरा म्हणाली माझं, अथेना म्हणाली माझं, अफ्रोडाइट म्हणाली माझंच. देवांचा राजा तेवढा शहाणा, तो मध्ये पडलाच नाही. त्याने तिघींना डोंगरावर धाडलं, पॅरिस नावाच्या एका मेंढपाळाकडे. जा बाबा, तू ठरव. तिघींनी त्याला लालूच दाखवली. हेरा म्हणाली राज्य देते. अथेना म्हणाली युद्धात जय देते. अफ्रोडाइट म्हणाली, जगातली सगळ्यात देखणी बायको देते.

"आणि त्याने बायको घेतली," डॉक्टर एलेनी म्हणाली, "आणि पुढे त्यावरून दहा वर्षं लढाई झाली. पण माझ्या नाण्यावर कोण कुठली ते कळतं. सिंहासनावर बसलेली हेरा, डोक्यावर शिरस्त्राण ती अथेना, आणि कपडे नाहीत ती अफ्रोडाइट. तुमच्या नाण्यावर तिघी सारख्या! तिघींना कपडे, तिघींना फुलं. आता सफरचंद कुणाचं, हे कळणार कसं? हे कोणी केलंय? त्याला बोलवा!"

राजीवने दार ओढलं, आणि मॅक्सवेल काचेला नाक लावून उभा असल्यामुळे दाराबरोबरच बाहेर आला. अ‍ॅप्रन, टोपी, भुवयांवर साखर, सगळ्यासकट. ऐंशी माणसं त्याच्याकडे बघतायत. त्याला कुणीतरी स्टेजवर ढकललं. डॉक्टर एलेनीने ते सोनेरी सफरचंद उचललं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"उत्तर तू लपवलंस, तर उत्तर तूच दे. आम्ही इथे तिघी आहोत. मी, मिसेस केलर, आणि मिस ॲनेट. सगळ्यात सुंदर कोण?"

आई गं!

टाळ्या, शिट्ट्या, अर्बाब पण हसतोय. राजीवचा रंग मात्र मैद्यासारखा झाला. आणि किचनच्या दारातून शरीफ, दबक्या आवाजात, पण शरीफचा दबका आवाज म्हणजे तुला माहीतच आहे, "मॅक्सी! फाईल! फाईल कुणाकडे आहे? अक्कल चालव!"

आता बघ मॅक्सवेलच्या डोक्यात काय चाललं असेल. ही मिसेस केलर, हिला दिलं तर उद्या प्रमोशन. ही डॉक्टरबाई, चीफ गेस्ट, हिला नाही दिलं तर हॉटेलची इज्जत जाईल. आणि ही ॲनेट मॅडम, हिच्या टेबलावर आठ महिने उर्सुला पडलीय. बाईने आत्ता सांगितलेल्या गोष्टीत हेच तर होतं! एक राज्य देणार, एक जय देणार, एक बायको देणार. मॅक्सवेलला वाटलं, ही गोष्ट माझ्यासाठीच सांगितली. दहा वर्षांची लढाई त्याने ऐकलीच नव्हती. त्याने फक्त बायको ऐकलं होतं.

तो तीन पावलं चालला आणि सफरचंद ॲनेट मॅडमपुढे धरलं.

 मग टाळ्या. आणि ॲनेट मॅडम, ऐकतेस ना, ॲनेट मॅडम लाल झाली! मानेपासून वर चढत चढत लाल झाली, आणि तिच्या डाव्या गालावर खळी पडली. खळी! बावीस वर्षं ती बाई त्या हॉटेलात होती आणि ती खळी कुणालाच माहीत नव्हती. हाउसकीपिंगची खुदेजा नंतर म्हणाली, "मला वाटलं बाईंना ताप आला."

डॉक्टर एलेनी तर खूष, टाळ्या वाजवतेय. मिसेस केलर पण वाजवतेय, पण बोटांच्या टोकांनी. त्या टाळीचा अर्थ मॅक्सवेलला दुसऱ्या दिवशी कळला. सकाळी केलरांच्या घरी गेलेले क्रोसाँ परत आले, फार फुगले म्हणून. संध्याकाळचे एक्लेअर परत आले, पुरेसे फुगले नाहीत म्हणून. आणि शनिवारपासून मॅक्सवेलची ड्यूटी डोनटवर. नुसते डोनट. लढाई सुरू झाली होती.

पण त्याला काय पडलंय? तो डोनट तळता तळता शीळ घालत होता. फाईल हलणार, उर्सुला येणार, खलास!

आता मध्ये शुक्रवार होता, हे तो विसरला, त्या दिवशीचा फोनसुद्धा.

तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून मिस्सा पण शुक्रवारी. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात सगळी वसई उभी, हातात समोसा, तोंडात बातमी. बेकरीच्या मार्सेलने रसेलला सांगितलं, "मॅक्सीने फुल पब्लिकमध्ये एका मॅडमला सफरचंद दिलं." रसेलने बायकोला सांगितलं, "मॅक्सीने स्टेजवर सांगितलं की ही बाई सगळ्यात सुंदर." रसेलच्या बायकोने तिथूनच फोन बूथ गाठला आणि गावाला बहिणीला फोन केला. ती बहीण भुईगावला दिलेली! दुपारच्या जेवणाला बातमी उर्सुलाच्या माहेरी, चहाला सासरी. आणि तोवर बातमीचं रूप असं झालं होतं, की मॅक्सवेल मस्कतला कुणा वांद्रेवालीपुढे सोन्याचं फळ घेऊन गुडघ्यावर बसला.

शनिवारी सकाळी अकराला डोनटच्या कढईपाशी निरोप आला. ॲनेट मॅडमने बोलावलंय. फोन आहे.

कारण स्टाफचे बाहेरचे फोन किचनला द्यायचे नाहीत, पर्सोनेलला द्यायचे, हा पण हॉटेलचाच नियम. मॅक्सवेल आत गेला. टेबलावर ते सोनेरी सफरचंद. खाल्लेलं नाही, त्यावर काचेचा बाऊल उलटा घालून ठेवलेला. ॲनेट मॅडमने त्याच्याकडे न बघता रिसीव्हर पुढे केला. आणि तिच्यासमोर त्याची फाईल उघडी होती. त्याला ती उलटी पण वाचता येत होती.

"हॅलो?"

"कोण आहे ती?"

उर्सुलाचा आवाज कसा आहे ठाऊक आहे ना? चर्चच्या क्वायरमध्ये तिला मागच्या ओळीत उभं करायचे, तरी पुढचे लोक मागे वळून बघायचे. रिसीव्हर मॅक्सवेलच्या कानाला होता, पण आवाज सगळ्या ऑफिसला. आणि ॲनेट मॅडम वांद्र्याची, मराठी तिला तुझ्यामाझ्यासारखी येते.

"उर्सुला, तू आयएसडीवर..."

"आयएसडी गेलं खड्ड्यात. आईकडून पाचशे रुपये घेऊन आलेय. कोण आहे ती? तू सगळ्यांसमोर बोललास ती सगळ्यात सुंदर?"

"मी काय बोललो नाय. मी नुसतं दिलं."

"मला कधी काय दिलंस? एकोणीस दिवसांत एक फळ दिलंस? आता नीट सांग. ती सुंदर आहे म्हणून दिलंस काय?"

मॅक्सवेलने वर बघितलं. ॲनेट मॅडम फाईलचं पान उलटत होती. म्हणजे पान हातात होतं, उलटत नव्हती.

त्याने डोळे मिटले आणि एका दमात बोलला. "नाय गं. फाईलसाठी दिलं. तिच्याकडे आपली फाईल आहे. सुंदरबिंदर मी बघितलं पण नाय. तू यावीस म्हणून दिलं, देवाशपथ."



ॲनेट मॅडमने फाईलमधून एक कागद काढला आणि टेबलावर त्याच्या बाजूला सरकवला. बोट ठेवलं. तिथे तिची सही होती, शिक्का होता, आणि शिक्क्याखाली तारीख. मंगळवारची.

मंगळवारची! प्रोग्राम बुधवारी झाला!

"मिस्टर मॅक्सवेल," ती म्हणाली, आणि मग मराठीत आली, हळू, "मी हे आधीच पाठवलं होतं. इमिग्रेशनमधून आज परत आलं. तुम्हाला हे द्यायला बोलवणारच होते, तेवढ्यात फोन आला." आणि काचेच्या बाऊलकडे तिने एकदा बघितलं. बस एकदाच. खळीबिळी काही नाही. "मला वाटलं होतं... असो. काहीही वाटतं माणसाला."

म्हणजे कुणी लालूच दाखवलीच नव्हती गं! त्या बिचारीने एक शब्द काढला नव्हता. त्या ग्रीक बाईने गोष्ट सांगितली, शरीफने दारातून आवाज दिला, आणि ह्याने आपल्याच मनाने तिला अफ्रोडाइट करून टाकलं. तीन दिवस ती बाई ते सफरचंद झाकून बसली होती, मुंग्या लागू नयेत म्हणून.

आणि फोनमध्ये उर्सुला अजून आहेच. "हॅलो? कुणाशी बोलतोयस? ती तिथेच आहे काय? आहे ना? मग तिच्या समोर सांग. सुंदर आहे का नाय?"

बघ हं आता. कागद हातात. सही झालेली. आता खोटं बोलून काही मिळायचं नाही आणि खरं बोलून पण काही मिळायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मॅक्सवेलची जीभ मॅडमसमोर टाळ्यापासून सुटली. त्याने ॲनेट मॅडमकडे नीट बघितलं. म्हणजे खरंच बघितलं, फाईलशिवाय.

"आहे," तो म्हणाला. "सुंदर आहे. मी आत्ता बघितलं."

खट्ट. फोन बंद.

ॲनेट मॅडमने तोंड कपाटाकडे फिरवलं. "दार लावून जा," ती म्हणाली. आवाज कसा होता, रागाचा की दुसराच कुठला, ते मॅक्सवेलला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे, तीन! उर्सुला फोनवर येईना. शुक्रवारी फोन लावला की तिची सासू, म्हणजे ह्याची आई घेणार. "ती बागेत गेलीय." पुढच्या शुक्रवारी, "ती चर्चला गेलीय." भर दुपारी चर्च कसलं? व्हिसा इकडून पाठवला, तिकीट पाठवलं, पोचल्याचा निरोप नाही. हा डोनट तळतोय, केलरबाई डोनट परत पाठवतेय. शरीफने सल्ले देणं सोडून दिलं, म्हणजे बघ! अल खौदला दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, त्यात मॅक्सवेलने पडदे लावले, काढले, परत लावले. तिला पिवळा आवडतो की निळा, एकोणीस दिवसांत ते विचारायचं राहूनच गेलं होतं. आणि ॲनेट मॅडम रोज लॉबीत दिसायची. "गुड मॉर्निंग, मिस्टर मॅक्सवेल." पुढे एक शब्द नाही.

मग एका मंगळवारी ह्याच्या आईचा फोन. "गुरुवारचं विमान. आणायला जा." कट.

गुरुवारी दुपारी सीब एअरपोर्टला मॅक्सवेल तीन तास आधी हजर. शरीफने कुणाची तरी पिकअप मागून आणली होती, पुढे तिघांची सीट असलेली. विमान उतरलं. माणसं यायला लागली, एकेक, ट्रॉलीवर खोकी, खोक्यांवर दोऱ्या. आणि सगळ्यांच्या शेवटी उर्सुला. निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, एका हातात बॅग, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला कापडात बांधलेला एक पुडा.

मॅक्सवेल पळत गेला. काय बोलायचं ते तीन आठवडे पाठ केलं होतं, सगळं विसरला. "निळा," तो म्हणाला. "निळा आवडतो तुला."

उर्सुला हसली नाही. पण ओठ दाबून धरले तिने, शरीफने बघितलं. गाडीत बसली, दोघांच्या मध्ये, पुडा मांडीवर. शरीफने गाडी सुरू केली. बाहेर पडल्यावर मोठं राउंडअबाउट. एक रस्ता अल खौदला, घराकडे. दुसरा बौशरला, हॉटेलकडे.

"वहिनी, घर मस्त आहे," शरीफ म्हणाला. "पडदे निळेच लावलेत."

"घर नंतर," उर्सुला म्हणाली. "आधी ती दाखव."

"कोण ती?" मॅक्सवेल म्हणाला, वेड्यासारखा.

"तीच. सफरचंदवाली. ह्यात काय आहे ते तिलाच देणार. आणि तू मध्ये बोलायचं नाय."

"ह्यात आहे काय?"

"मध्ये बोलायचं नाय म्हटलं ना."

शरीफने राउंडअबाउटला एक फेरा मारला. वळलाच नाही. दुसरा मारला. मागचा टॅक्सीवाला हॉर्न देतोय. "मॅक्सी, इकडे की तिकडे? लवकर बोल रे, पोलीस बघतोय!" मॅक्सवेलने त्या पुड्याकडे बघितलं. पुडा जड होता आणि गाठ घट्ट होती, त्यात गावची सुकवलेली केळी, म्हणजे सुकेळी पण असू शकत होती आणि वरवंटा पण. त्याने उर्सुलाकडे बघितलं. ती सरळ समोर बघत होती. तिसरा फेरा सुरू झाला.

आता तू बोल. तू मॅक्सवेलच्या जागी असतीस, तर गाडी कुठे वळवायला सांगितली असतीस?